हुणशी ओणीच्या जमखान्याचा संताप

मित्रांनो, मी एक जुना जमखाना आहे, चारचौघांना बसायला अंथरतात तो, आणि मी रागावलेलो आहे.

जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की हळव्या होतात, असे तुम्ही वाचले असेल. छत्री रडते, खुर्ची उसासे टाकते. मला ते जमणार नाही. मी सुताचा आहे, पण मऊ नाही. माझी वीण इतकी घट्ट आहे की वर सांडलेले पाणी घटकाभर तसेच थांबते, लगेच मुरत नाही. रागही माझ्यात तसाच थांबला आहे. तो मुरण्याआधी सांगून टाकतो.

माझा जन्म नवलगुंदचा. काळ्या मातीचे, कापसाचे गाव. तिथे जमखाने विणण्याचे काम बायकांचे. खातूनबीच्या घरात भिंतीला टेकून माग उभा होता, थेट आढ्यापर्यंत. त्यापुढे फळी टाकून खातूनबी आणि तिची जाऊ रझिया शेजारी शेजारी बसत. धागा ओवायचा आणि लोखंडी पंजाने ठोकून खाली बसवायचा. ओवायचा आणि ठोकायचा. अंग लाल, काठ पिवळे आणि काळे, मधोमध सोंगट्यांचा पट, चारी कोपऱ्यांत मोर. शेवटचा मोर विणताना रझिया थबकली.

"हा कलला बघ. उसव तो. गिऱ्हाईक नाक मुरडेल."

"मोर काय कवायतीला उभा आहे का गं?" खातूनबी म्हणाली. "नाचतोय तो. राहू दे."

त्या दोघींनी मला विणण्यात डोळे आणि पाठ घालवली, पण त्या माझ्यावर कधी बसल्या नाहीत. जमखाना विणणारीच्या घरी जमखाना नव्हता. तिथे कडा उसवलेली चटई होती. मागावरून उतरवून मला गुंडाळले तेव्हा खातूनबीने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि त्याच चटईवर बसून ती जेवायला लागली. माझ्या रागाची पहिली ठिणगी त्या घरातली आहे.

मला विकत घेतले ते धारवाडच्या हुणशी ओणीने. ओणी म्हणजे तुमची आळी. हुणशी म्हणजे चिंच. ओणीच्या तोंडाशी चिंचेचे झाड आणि झाडाभोवती दगडी कट्टा. त्या ओणीत कुंभार होते, तेली होते, गाद्या शिवणारे नदाफ होते, हजामती करणारे हडपद होते, एकदोन मास्तर आणि एक शिंपी होता. घराला घर चिकटलेले. एकाच्या फोडणीने दुसऱ्याला शिंक यायची. सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली आणि मला आणले, कारण दसऱ्यातल्या नाडहब्बाला, म्हणजे नऊ दिवसांच्या गाण्या-नाटकांना, लोक उभे राहून कंटाळत होते.

पहिल्याच संध्याकाळी मला कट्ट्यासमोर अंथरले. लोक कडेला चपला काढून माझ्यावर येऊन बसू लागले. जो येईल तो, जिथे जागा असेल तिथे. तेवढ्यात वरच्या रस्त्यावरचे सावकार देसाई आले. ते बसेनात. हातातली छडी टेकवून उभेच. खुर्ची येईल म्हणून वाट पाहत होते.

भीमक्का तेव्हा ओणीत सगळ्यांत वडील. दात पडलेले, जीभ शाबूत. ती म्हणाली, "काय सावकार, गुडघे धरलेत का?"

"नाही, तसं काही नाही."

"मग टेका की. धरले असतील तर उशी देते. खुर्ची नाही देणार. एक जण खुर्चीवर बसला की बाकीचे त्याच्या पायाशी बसल्यासारखे दिसतात."

सावकार बसले. शेजारी तोच हडपद होता, ज्याने सकाळी त्यांची दाढी केली होती. नाटक संपेपर्यंत दोघे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून हसत होते. त्या दिवसापासून माझ्यावर पुढचे आणि मागचे असे काही राहिले नाही. चपला काठाबाहेर आणि बूड जमखान्यावर, एवढाच नियम.

मित्रांनो, मग मी काम केले. नाडहब्बातली नाटके, गणपतीतली भजने, मोहरमच्या सरबताची गर्दी, सोयरिकी, रुसवे, पंचायती. डॉक्टर येऊन लहान मुलांच्या तोंडात थेंब टाकायचे, तेही माझ्यावर. चित्रांच्या स्पर्धेत मुलांनी सांडलेली शाई अजून माझ्या एका बाजूला निळी दिसते. कोणी गेले की सांत्वनाला येणारे माझ्यावरच बसत, आणि तेव्हा माझ्यावर कोणी बोलत नसे. बुद्धिबळाच्या डावावरून कुंभार आणि तेली यांच्यात एकदा मारामारी झाली, तीसुद्धा मी पाठीवर सोसली. एका नाडहब्बात महांतेश नावाचा चिमुरडा राजपुत्र झाला होता. गर्दी पाहून त्याला भीती वाटली आणि संवादाऐवजी त्याच्या विजारीतून दुसरेच काही बाहेर आले. मी सगळे टिपून घेतले. त्याचा मला राग आला नाही. लहान मूल आहे, करणारच.

त्या दिवशी त्या पोराला उचलून नेणारी आणि मग मला धुऊन काढणारी होती निंगव्वा.

आता निंगव्वाविषयी सांगतो, कारण ही कहाणी माझ्याइतकीच तिची आहे. ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायची. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. गावातल्या निम्म्या खानावळींत तिच्या भाकऱ्या जात. नवरा तरुणपणी गेला, मूलबाळ नाही. भीमक्का वारल्यावर मी निंगव्वाच्या पडवीत आलो. उचलायला चौघे येत, पण ऊन दाखवणे, झटकणे, कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळणे, सगळे तिने केले. तिला कोणी नेमले नव्हते. कोणीतरी करायला हवे होते, म्हणून तिने केले.

आणि ती गायची. लग्न, डोहाळे, बारसे, काहीही असो, आमच्याकडे बायका सोबाने म्हणतात. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ सांगणारी निंगव्वा. उचलणाऱ्यांत पहिली कल्लव्वा, तिची शेजारीण. दोघींच्या घरांत एकच भिंत. निंगव्वाचा आवाज गोड नव्हता. भाकरी थापताना पडतो तसा तो पडायचा, ठाम आणि एका लयीत. कल्लव्वाचा आवाज तिच्या मागून पाण्यासारखा यायचा. नाडहब्बाच्या शेवटच्या संध्याकाळी या दोघी बाकीच्या बायकांना घेऊन माझ्या मधोमध बसत, आणि ओणीतले पुरुष ताटे घेऊन कडेला बसत. गाण्यांतून नवऱ्यांची, सासवांची, गावातल्या बड्यांची यथेच्छ टर उडवली जायची. ज्याचे नाव गाण्यात येई, त्याने हसायचे. रागवायचे नाही. तो दुसरा नियम.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. एकात एक बसतात, पोर्‍यालाही उचलता येतात, पुसल्या की स्वच्छ. माझे काम कमी झाले. खुर्च्यांवर माझा राग नाही. त्यांना काय कळते? राग पुढच्या गोष्टीचा आहे.

महांतेश मोठा झाला. ओणी सोडून नव्या वस्तीत राहायला गेला. कार्यक्रम करून देण्याचा त्याचा धंदा जोरात होता. मोठे मंच, मोठे दिवे, मोठे पाहुणे. कल्लव्वाचा मुलगा ईरण्णा त्याच्याकडेच कामाला. त्या वर्षी महांतेशाने साऱ्या गावाचा मिळून एकच उत्सव करायचे ठरवले आणि तो आमच्या ओणीत आला. निंगव्वाच्या पडवीत, माझ्या शेजारी बसला. भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली.

"चिगव्वा," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला चिगव्वा म्हणायचा, म्हणजे मावशी. "या वर्षी ओणीत नाडहब्ब नको. सगळ्यांनी मैदानावर यायचं. तुमच्या सोबानेला मी मोठ्या मंचावर जागा देतो."

"मंचावर? आम्ही खाली बसणाऱ्या बायका."

"मग मंचावर खाली बसा की! हा जमखाना अंथरतो ना तिथे. तुम्ही मधे, वर दिवे. हजारो लोक बघतील, चिगव्वा. टीव्हीवाले येणार आहेत."

भिंतीपलीकडून कल्लव्वाने ऐकले आणि ती पदर खोचत धावतच आली. "खरंच टीव्हीवर? माझी सुमंगला मैसूरला आहे, तिला दिसेल?"

"मैसूरला काय, दुबईला दिसेल, काकी."

निंगव्वाने माझ्याकडे पाहिले. मला वाटते, तिच्या मनात कुठेतरी खटकत होते. पण कल्लव्वाचा चेहरा असा फुलला होता की तिला नाही म्हणवले नाही. महिनाभर ओणीत तालीम चालली. सुंदर चालली. बायका भांडी घासता घासता ओळी म्हणत. इरकली लुगडी पेटीतून निघाली, त्यांना ऊन दाखवले गेले. महांतेशाचा टेम्पो आला आणि मला घेऊन गेला. कधी नव्हे ते मलाही बरे वाटत होते. म्हातारपणी मंच!

मित्रांनो, आता नीट ऐका.

आदल्या दिवशी धारवाडला पाऊस झाला. मैदानाचा चिखल झाला. उद्घाटनाला येणाऱ्या बड्या पाहुण्यांची गाडी जिथे थांबणार, तिथपासून मंचापर्यंत घालायला लाल गालिचा हुबळीहून यायचा होता. तो आला नाही. कामाची माणसे इकडेतिकडे धावू लागली. एक जण म्हणाला, "साहेब, लाल काहीतरी हवं. पाहुणे वाटेत आहेत." महांतेशाने मान वळवली. मी मंचाच्या पायरीशी गुंडाळलेला पडलो होतो. त्याने मला पाहिले. ज्याच्यावर तो राजपुत्र झाला होता, त्या मला त्याने पाहिले आणि तो म्हणाला,

"हा आहे की. घाला."

मला चिखलात अंथरले. एवढ्या वर्षांत माझ्या अंगाला चपलेचा तळ लागला नव्हता. आता आधी एक पोलीस गेला. मग फोटोवाले. मग लोखंडी चाकांची ढकलगाडी गेली, तिच्यावर तारांची भेंडोळी होती. चाक माझ्यात रुतले, तेव्हा माणसांनी ओढले, आणि माझी वीण तुटली. मी तो आवाज ऐकला. मग पाहुण्यांच्या पुढचे लोक आले, बुटांचा चिखल माझ्या काठाला घासून पुसत, जसा पायपुसण्याला पुसतात तसा. खातूनबीच्या डोळ्यांवर, रझियाच्या पाठीवर ते बूट पुसत होते, मित्रांनो. मला हात असते तर मी एकेकाचा पाय धरून त्याला पाडले असते.

बायका दुपारपासून बांबूच्या कुंपणामागे उभ्या होत्या. त्यांना बसायला जागा नव्हती. केसातले मोगरे मलूल झाले होते. "तुमचं नंतर आहे, नंतर आहे," असे त्यांना दर थोड्या वेळाने सांगितले जात होते. गाडी आली, सनई वाजली, आणि कोणीतरी म्हणाले, "अगं बाई, तो आपला जमखाना ना?"

निंगव्वा बांबूखालून वाकून बाहेर आली. कोणी अडवायच्या आत ती माझ्या दुसऱ्या टोकाला येऊन उभी राहिली. समोरून पाहुणे येत होते, गळ्यात हार, मागे माणसांचा लोंढा. इरकली नेसलेली म्हातारी समोर पाहून त्यांना वाटले, ओवाळायला आली आहे. त्यांनी हसून, टिळा लावून घेण्यासाठी कपाळ पुढे केले.

"चपला काढा," निंगव्वा म्हणाली.

पाहुणे तसेच वाकलेले.

"चपला काढा, साहेब. हा बसायचा जमखाना आहे. हा तुडवत नाहीत."

महांतेश धावत आला. "मॅडम, प्लीज, जरा बाजूला व्हा. मॅडम—"

"मॅडम? कोण मॅडम?" निंगव्वाचा आवाज चढला. "मी तुझी चिगव्वा. याच्यावरच तुझी ओली चड्डी बदललीय मी!"

कुंपणामागून हसू फुटले. महांतेशाचे कान लाल झाले. तो तिच्याजवळ तोंड नेऊन पुटपुटला, "चिगव्वा, पाया पडतो तुझ्या. आज नको. सगळे बघतायत."

"पाया पडतोस? पड की. पण आधी बूट काढ."

"नवा घेऊन देतो. असले दहा घेऊन देतो!"

असले दहा! ते ऐकले आणि निंगव्वा खाली बसली. चिखलात, माझ्यावर, मांडी घालून. नव्या लुगड्यासकट. मग तिने कुंपणाकडे पाहून हाक मारली, "या गं!"

दोघीतिघी आल्या. मग आणखी काही. चपला काठाबाहेर काढून, चिखलात पाय देत आल्या आणि तिच्याभोवती बसल्या. सगळ्या आल्या नाहीत. कल्लव्वा आली नाही. तिचा ईरण्णा हातात वॉकीटॉकी घेऊन महांतेशाच्या मागेच उभा होता आणि आईकडे पाहून हळूच मान हलवत होता, नको, नको.

"कल्लव्वा, ये!" निंगव्वा म्हणाली.

कल्लव्वा बांबू धरून उभी राहिली. तिने मान वर केली नाही.

एक तरुण पोलीसबाई आली. "आज्जी, उठा ना. वरून मला बोलतील."

"तू पण बस, पोरी. सकाळपासून उभी असशील. बूट काढ आणि बस."

ती बसली नाही. पण ती माझ्या काठाबाहेर उतरली आणि चिखलात उभी राहिली. तिचे नाव मला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी मैदानावरच्या ज्या थोड्या लोकांवर मी रागावलो नाही, त्यांत ती एक.

पाहुणे शेवटी कडेने, चिखलातून मंचावर गेले. तिथे त्यांनी भाषण केले. आपल्या पूर्वजांचा वारसा प्राणपणाने जपला पाहिजे, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी खाली फाटून पडलो होतो.

महांतेश हुशार. त्याने माईक घेतला आणि तो ओरडला, "आणि आता आपल्या माता-भगिनी गाणार आहेत सोबाने! मंचावर नाही, मातीवर! टाका दिवा!" मोठा दिवा फिरला आणि आमच्यावर येऊन पडला. टीव्हीवाले धावले. महिनाभराची तालीम त्या बायकांच्या घशाशी आली होती. एकीने तोंड उघडलेसुद्धा.

"नाही गाणार," निंगव्वा म्हणाली. "बंद कर तो दिवा."

दिवा बराच वेळ तसाच राहिला. बायका डोळे मिटून बसून राहिल्या. कोणी गायले नाही. अखेर तोच दिवा वैतागून दुसरीकडे वळला.

तुम्हाला वाटेल, यानंतर ओणीने निंगव्वाला डोक्यावर घेतले असेल. छे! चिखलासकट गुंडाळून मला परत आणले, आणि दुसऱ्या दिवशीपासून ओणीची तोंडे सुटली. "हिच्यामुळे आमच्या पोरींचं नाव गेलं." "मोठ्या माणसाला असं बोलतात का?" रुद्रय्या शिंप्याच्या नातीचा नाच गडबडीत रद्द झाला होता. तो तर कट्ट्यावर उभा राहून म्हणाला, "एका सतरंजीसाठी एवढा तमाशा!" सतरंजी म्हणाला तो मला. कट्ट्यावर दिवा बसवून देण्याचा शब्द महांतेशाने दिला होता, तो दिवा आला नाही. त्याच्या ओळखीच्या खानावळीने निंगव्वाच्या भाकऱ्या घेणे बंद केले. भिंतीपलीकडून कल्लव्वाचा आवाज यायचा थांबला. पूर्वी मीठ संपले तरी भिंतीवर टकटक व्हायची.

मला धुवायला आला तो एकटा मौलासाब नदाफ. गाद्या शिवून शिवून बोटे वाकडी झालेला म्हातारा. त्याने आणि निंगव्वाने मला हातगाडीवर लोटून विहिरीवर नेले आणि दिवसभर घासले. चिखल गेला, तेलाचे डाग गेले नाहीत. फाटले होते तिथे मौलासाबने सुई घातली. "नवलगुंदच्या बायकांचं काम माझ्या हाताला येत नाही, वैनी," तो म्हणाला. "पण भोक बुजेल."

"बुजव," निंगव्वा म्हणाली.

त्यानंतर तिने मला पडवीत ठेवले आणि दार लावून घेतले. मित्रांनो, बूट मला लागले, पण त्यानंतरचे वर्ष मला जास्त लागले. संक्रांत गेली, गणपती गेले, नाडहब्ब आला. मैदानावर पुन्हा मंच उभा राहिला. ओणीतले निम्मे लोक तिथे जाऊन कुंपणामागे उभे राहिले, निम्मे घरात फोन बघत बसले. कट्ट्यावर कुत्री झोपली. मौलासाबची बायको वारली, तेव्हा लोक दारातच उभे राहून दोन शब्द बोलून गेले, कारण बसायला कोणी काही घातले नव्हते. पत्नी गेलेल्या माणसासमोर लोक उभ्याउभ्या बोलून गेले! मी भिंतीआड होतो. दोन घरे पलीकडे. मला कोणी बोलावले नाही. उंदरांनी माझ्या कडेत घर केले. मी महांतेशावर रागावलो, ओणीवर रागावलो, आणि खरे सांगतो, निंगव्वावरही रागावलो. तिचा अपमान झाला होता हे खरे. पण मी तिचा नव्हतो. मी ओणीचा होतो. मला राखता राखता तिने मला कोंडले होते.

मग एके दिवशी सकाळी दारात कल्लव्वा आली. बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. निंगव्वा भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"सुमंगला आलीय," कल्लव्वा म्हणाली. "सातवा लागला. आज कुबस आहे." कुबस म्हणजे डोहाळजेवण.

"कळलं. भिंतीला कान आहेत."

"ती म्हणते, खुर्च्या नकोत. खुर्चीवर बसून सोबाने कोण म्हणतं, म्हणते. जमखाना हवा होता."

"माझा नाही. ओणीचा आहे. ने."

कल्लव्वा आत आली. वाकली, माझ्या कडेला हात घातला आणि ओढले. मी हललो नाही. मित्रांनो, मला एकट्याने उचलता येत नाही. चार दणकट माणसे लागतात. तिने पुन्हा ओढले, धापा टाकल्या, पुन्हा ओढले. बांगडी फुटली.

"ईरण्णाला बोलाव," निंगव्वा तव्याकडे बघत म्हणाली.

"तो कामावर गेलाय."

"महांतेशाच्या?"

"हो."

तवा तापत राहिला. कल्लव्वा माझ्यावरच मटकन बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. "त्या दिवशी माझा पाय निघाला नाही गं," ती म्हणाली. "पोराची नोकरी—"

"रडू नको. ओला होईल तो," निंगव्वा म्हणाली. तिने पिठाचे हात झटकले, तवा उतरवला आणि ती बाहेर गेली. "उठ. दोघींनी होत नाही. तू त्या बाजूची दारं वाजव, मी या बाजूची."

वर्षभर एकमेकींचे तोंड न पाहिलेल्या त्या दोघी ओणीच्या दोन्ही बाजूंनी दारे वाजवत निघाल्या. मी पडवीतून ऐकत होतो. "जमखाना उचलायचाय, या." "कसला?" "जमखाना हो, जमखाना!" मौलासाब आला. कुंभाराची सून आली. निंगव्वा रुद्रय्या शिंप्याच्या दारातही गेली. आत बराच वेळ वादाचा आवाज होत होता. शेवटी तो कुरकुरत आला, "माझी कंबर धरलीय," म्हणत, आणि माझा सर्वांत जड कोपरा त्यानेच खांद्यावर घेतला.

मला चिंचेखाली अंथरले. उंदरांची पिल्ले पळाली, पोरे किंचाळली. सुमंगला हिरवे लुगडे नेसून माझ्या मधोमध बसली. तिच्यासमोर ताटे मांडली, कडबू, होळिगे, चित्रान्न. बायका भोवती बसल्या. आणि आता ओळ कोण सांगणार?

निंगव्वा काठाशी बसली होती. तिने घसा खाकरला आणि ती म्हणाली,

"लेकीला डोहाळे लागले गं, सोबाने,
चिंच तोडाया चला गं, सोबाने.
शेजी माझी शहाणी गं,
बांबू धरून उभी गं, सोबाने!"

ओळ उचलायची कल्लव्वाने. मग तिने मान वर केली आणि ती गायली. शब्दन् शब्द गायला, "बांबू धरून उभी गं, सोबाने." आवाज फाटला, पण थांबला नाही. आणि ओळ पुरी होताच कोणी न सांगता तिने पुढची जोडली,

"दुसरी भाकऱ्या थापी गं, सोबाने,
त्याहून राग थापी गं, सोबाने.
वर्षभर दार लावी गं,
करपल्याचा वास बाहेर गं, सोबाने!"

हशा उसळला. सुमंगलाला हसताना पोट धरावे लागले. ज्याचे नाव गाण्यात येते, त्याने रागवायचे नसते. निंगव्वाने ओठ घट्ट मिटले, नाक फुगवले, आणि ती ओळ उचलली. जेवणे होईपर्यंत दोघी एकमेकींना अशा झोडपत होत्या की रुद्रय्या कंबर विसरला. दोघींत सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. उठताना निंगव्वा तिच्याशी गोड बोलली नाही. पण त्या रात्री भिंतीवर टकटक झाली.

आता मी अधूनमधून बाहेर पडतो. महांतेशाने परवा निरोप पाठवला की मला काचेच्या पेटीत घालून संग्रहालयात ठेवावे, वर पाटी लावावी. ओणीने त्याला काय उत्तर दिले ते लिहिण्यासारखे नाही.

तर मित्रांनो, इथे मी हात जोडून विनवणी करायची असते. मी जोडणार नाही. मी सांगतो, ते करा. तुमच्या आळीतही सगळ्यांच्या मालकीचे काहीतरी असेल, एखादे जाजम, ढोल, भलेमोठे पातेले, मोडका मंडप. ते कोणाच्या तरी पडवीत धूळ खात असेल. त्याचे फोटो काढू नका. त्याच्यावर भाषण करू नका. ते बाहेर काढा, झटका आणि वापरा. जड असेल तर टेम्पो बोलवू नका, शेजाऱ्याचे दार वाजवा. आणि जो शेजारी तुमच्याशी बोलत नाही, त्याच्याच दारापासून सुरुवात करा.